सोळा दिवसांपूर्वीची खुशाली

मंडळी, साथींच्या इतिहासावरचं कुठलंही पुस्तक उघडा. पहिल्या काही पानांतच मेलेल्यांचे आकडे येतात. मग सरकारी हुकूम, मग डॉक्टर, मग लस. हे सगळं हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या काळात जे जिवंत होते (म्हणजे बहुसंख्य लोक!) ते मंगळवारी संध्याकाळी काय करत होते हे शोधायला जा, हाताला फारसं काही लागत नाही. त्यातून माणूस परदेशात असेल, म्हणजे साथ आपल्या गावात आणि आपण हजारो मैलांवर सुखरूप, तर मग विचारूच नका. त्याचं नाव मेलेल्यांच्या यादीत नसतं आणि साथीशी झुंजणाऱ्यांच्या यादीतही नसतं. तो तिकडे कुठेतरी चहा पीत बसलेला असतो.

या चहा पिणाऱ्या माणसाबद्दल आज लिहायचंय. त्याला तो चहा गोड लागतो का? आणि लागला तर त्यात काही वावगं आहे का? २०२० आणि २०२१ ही वर्षं ज्यांनी देशाबाहेर काढली त्यातल्या बऱ्याच जणांनी हा प्रश्न कधी ना कधी स्वतःला विचारला असेल. मीही विचारला. आणि सवयीप्रमाणे उत्तर शोधायला जुन्या लोकांकडे गेलो. तिथे भेटले गोपाळ कृष्ण गोखले.

साल १८९७. गोखले तेव्हा तीस वर्षांचे. (आपल्यात या वयाचा माणूस टीम लीड झालो म्हणून पार्टी देतो.) फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे, रानड्यांचे शिष्य, डेक्कन सभेचं काम बघायचे. हिंदुस्थानच्या तिजोरीतला पैसा कसा खर्च होतो याची चौकशी करायला विलायतेत वेल्बी कमिशन बसलं होतं. त्याच्यापुढे साक्ष द्यायला गोखल्यांना बोलावणं आलं आणि मार्चमध्ये ते दिनशा वाच्छांबरोबर निघाले.

ते निघाले तेव्हा मागे काय चाललं होतं ते बघा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला होता. त्याच्या दोन वर्षं आधी हाँगकाँगमध्ये येर्सिनने या रोगाचा जंतू शोधला होता, म्हणजे साथ बोटींबरोबर बंदराबंदरातून येत होती हे जगाला ठाऊक होतं. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. (हो, तोच. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्य सरकारने बाहेर काढला तो हाच सव्वाशे वर्षांचा म्हातारा कायदा.) पुण्यात प्लेग कमिशनर म्हणून रँड आला. १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता स्वतःच प्लेगने गेल्या. मार्चच्या मध्यापासून गोऱ्या सैनिकांनी घरोघर झडत्या सुरू केल्या. स्वयंपाकघरात बुटांसकट शिरणं, सामान रस्त्यावर काढून जाळणं, संशय आला की माणसाला उचलून नेणं.

आणि गोखले इकडे युरोपात.

प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात, फ्रान्समधल्या कॅले इथे, गोखले पडले आणि त्यांच्या छातीला जबर मार लागला. स्वभाव असा की सुरुवातीला कुणाला सांगितलंच नाही, तसेच लंडनला पोचले. मग दुखणं वाढलं, डॉक्टर आले आणि सक्तीची विश्रांती नशिबी आली. या दुखण्यात काँग्रीव्ह नावाच्या एका इंग्रज बाईंनी त्यांची शुश्रूषा केली. चरित्रकार सांगतात की विलायती घरातल्या रीतीभाती, जेवणाच्या टेबलावर कसं बसायचं वगैरे, त्या बाईंनीच या बुजऱ्या प्राध्यापकाला शिकवलं.

आता हा माणूस कुठून आलाय ते लक्षात घ्या. त्याच्या आधी फक्त सात वर्षं, १८९० मध्ये, पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी गेली आणि तिथे चहा-बिस्किटं समोर आली, एवढ्यावरून शहरात ग्रामण्य माजलं होतं. रानडे आणि टिळक या दोघांनाही त्यापायी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. चहाच्या एका कपावरून! आणि त्याच पुण्यातला तिशीचा तरुण लंडनमध्ये आजारी पडून, एका परक्या बाईच्या घरगुती मायेत बरा होतोय. त्याला तो चहा कसा लागला असेल? मला वाटतं, छान लागला असेल. दुखण्यातून उठताना कुणी प्रेमाने काहीही दिलं तरी छान लागतं.

एप्रिलमध्ये गोखल्यांची साक्ष झाली आणि उत्तम झाली. मुरलेल्या इंग्रज सभासदांच्या उलटतपासणीला हा माणूस आकडेवारीनिशी पुरून उरला. त्याच वेळी केंब्रिजला रघुनाथ परांजपे नावाचा कोकणातला मुलगा गणित करत होता. हा पुढे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर होणार होता. मागे पुण्यात प्लेग, आणि पुढ्यात परीक्षेची गणितं. एखादं अवघड गणित सुटल्यावर होणारा आनंद काय असतो हे आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. रात्री दोन वाजता बग सापडतो तेव्हा घरातलं आजारपणही पाच मिनिटं विसरायला होतं.

पण मला खरी गंमत वाटली ती टपालाची.

मुंबईहून दर आठवड्याला विलायतेची टपालबोट सुटायची. सुएझमधून, मग इटलीत ब्रिंडिसीला उतरून रेल्वेने, असं करत पत्र लंडनला पोचायला साधारण पंधरा-सोळा दिवस लागत. म्हणजे आपल्या भाषेत लेटन्सी सोळा दिवस. तुम्ही 'आई बरी आहे का?' असं विचारलंत तर उत्तर यायला महिना. आणि उत्तर आलं की त्याचा अर्थ 'आई सोळा दिवसांपूर्वी बरी होती' एवढाच. प्लेगमध्ये गाठ येऊन माणूस जायला चार-पाच दिवस पुरत. खुशालीचं पत्र हातात पडेपर्यंत ते लिहिणारा असेलच याची खात्री कोण देणार?

यातून दोन गोष्टी होतात. एक म्हणजे तुम्ही निवांत चहा पिऊ शकता, कारण नवीन काही कळायचा मार्गच नाही. पुढची बोट येईपर्यंत आठवडा आपला. दुसरी म्हणजे हा निवांतपणा उसना आहे हे तुम्हाला पक्कं माहीत असतं.

तार होती की, असं कुणी म्हणेल. होती. पण तारेला शब्दागणिक पैसे पडत, आणि ते चांगलेच पडत. त्यामुळे तारेने जायच्या त्या सरकारच्या, व्यापाऱ्यांच्या आणि वर्तमानपत्रांच्या बातम्या. घरची गोष्ट, कुणाच्या माजघरात कोण शिरलं, कोण कसं ओरडलं, हे सगळं पत्रातूनच यायचं. दोन वेगवेगळ्या वेगांची दोन टपालं. १८९७ च्या उन्हाळ्यात गोखले या दोन वेगांच्या मध्ये सापडले.

२२ जून १८९७. राणीच्या राज्यारोहणाची साठ वर्षं म्हणून पुण्यात गणेशखिंडीला समारंभ. तिथून परतताना चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच्याबरोबर लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. ही बातमी तारेने लगोलग लंडनला. 'पुणेकर कृतघ्न, पुणेकर राजद्रोही' असा ओरडा तिथल्या पत्रांत सुरू झाला. पण गोळी का झाडली गेली याच्या मागचा मजकूर होता तो पत्रांत, आणि ती पत्रं गोखल्यांच्या खिशात. पुण्याच्या मित्रांनी झडत्यांबद्दल, सैनिकांच्या वागण्याबद्दल लिहून पाठवलेली. पंडिता रमाबाईंनीही प्लेगच्या रुग्णालयातल्या कारभाराबद्दल मे महिन्यात वर्तमानपत्रातून उघड तक्रार केली होती. गोखल्यांनी मँचेस्टर गार्डियनला मुलाखत दिली आणि पत्रांत जे होतं ते सांगितलं. त्यातला सगळ्यांत गंभीर आरोप होता सैनिकांनी दोन स्त्रियांवर केलेल्या अत्याचाराचा.

पार्लमेंटात प्रश्न आले. मुंबई सरकारने इन्कार केला, पुरावा द्या म्हणाले. गोखले परतीच्या बोटीत बसले. आता विचार करा, एवढं रान पेटलेलं आणि हा माणूस दोन आठवडे समुद्रावर, रेंजच्या बाहेर! या अवधीत नातू बंधूंना अटक झाली आणि २७ जुलैला टिळकांनाही. जुलै संपता संपता गोखले मुंबईला पोचले तेव्हा ज्यांनी पत्रं लिहिली त्यांच्यातला कुणीही उघडपणे समोर यायला तयार नव्हता. त्या दहशतीत कोण येणार? गोखल्यांनी पत्रलेखकांची नावं सांगितली नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी सरकारची आणि सैनिकांची बिनशर्त माफी मागितली. देशभर छीथू झाली. पुढची कित्येक वर्षं ही माफी त्यांच्या नावाला चिकटून राहिली.

या माफीवर आपल्याकडे पानंच्या पानं लिहिली गेलीत, त्यात मी भर घालत नाही. मला दिसतो तो लंडनमधल्या खोलीत बसलेला माणूस. दर आठवड्याला बोट येते, पत्रं येतात, प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा भयंकर. आणि मधल्या सहा दिवसांत तो जेवतो, हसतो, लोकांना भेटतो, गॅलरीत बसून पार्लमेंटातली भाषणं ऐकावीशी वाटतात त्याला. आपली माणसं जळतायत आणि आपण इथे मजेत, ही टोचणी त्याला नसेल? माझा तर्क असा की ती टोचणी होती, आणि मुलाखत देण्यामागे तिचाही थोडा हात असावा. दूर असलेल्या माणसाला काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही. पुढच्याच वर्षी पुण्यात पुन्हा प्लेग आला तेव्हा गोखल्यांनी प्लेगच्या मदतकार्यात स्वतःला झोकून दिलं, गल्लीबोळांतून फिरले. आता लेटन्सी शून्य होती.

त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबर १८९७ मध्ये, काँग्रेसचं अधिवेशन भरलं आमच्या अमरावतीला. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. टिळक तुरुंगात. वऱ्हाडातल्या लोकांना दादासाहेबांबद्दल सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो: अमरावतीचे नामांकित वकील, टिळकांचे जिवलग, बोलण्यात विनोद आणि खाण्याखिलवण्यात दिलदार. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे ते डायरी लिहायचे. वर्षानुवर्षं, इंग्रजीत. त्यांच्या शिर्डीतल्या मुक्कामाचा भाग छापलेला आहे, तो वाचलात तर गंमत कळेल. कधी उठलो, कोण आलं, काय बोलणं झालं, प्रकृती कशी आहे. इतिहासात ज्याला जागा मिळत नाही ते सगळं.

१९०७ हे हिंदुस्थानातल्या प्लेगचं सगळ्यांत वाईट वर्ष, एका वर्षात दहा लाखांहून जास्त माणसं गेली. त्याच्या पुढच्या वर्षी टिळकांना मंडालेची शिक्षा झाली आणि अपिलाच्या खटपटीसाठी दादासाहेब विलायतेला गेले, ते १९१० पर्यंत तिथेच. पन्नाशी ओलांडलेला वऱ्हाडी माणूस, घर अमरावतीला, देशात प्लेग चालूच. पुढे १९१९ मध्ये काँग्रेसच्या शिष्टमंडळाबरोबर ते पुन्हा गेले. तेव्हा टिळकही लंडनलाच होते.

टिळकांचा हा प्रवास तर आपल्या विषयात अगदी चपखल बसतो. व्हॅलेंटाइन चिरोलवर अब्रुनुकसानीचा दावा लावायला ते सप्टेंबर १९१८ मध्ये मुंबईहून निघाले. इन्फ्लुएंझाची दुसरी, घातक लाट नेमकी तेव्हा मुंबईत चढत होती. ६ ऑक्टोबरला मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं दगावली, तेव्हा टिळक प्रवासातच होते. ऑक्टोबरच्या अखेरीस लंडनला पोचले तर तिथेही तीच साथ शिगेला. लगेच ११ नोव्हेंबरला महायुद्ध संपलं आणि गर्दीच गर्दी रस्त्यावर नाचायला आली. मेडा व्हेल भागात, १० हाऊली प्लेस इथे त्यांचा मुक्काम होता. आज तिथे निळी पाटी आहे. फेब्रुवारी १९१९ मध्ये ते खटला हरले, तेव्हा साथीची तिसरी लाट लंडनमध्ये येत होती.

आणि इकडे? मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत-वऱ्हाड, या दोन भागांना इन्फ्लुएंझाने सगळ्यांत जास्त झोडपलं. त्यात पावसाने दगा दिलेला. देशभरात सव्वा कोटी ते दोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं की ज्यात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. एवढा प्रचंड प्रकार, पण गावागावातल्या म्हाताऱ्यांकडे 'मानमोडी' असं एक नाव आणि दोन-चार वाक्यं, एवढंच उरलं.

असो. आता थोडं आमच्याकडचं.

आमचं घर सेमाडोहला. परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याने घाट चढून गेलं की पन्नासेक किलोमीटरवर, मेळघाटच्या ऐन जंगलात, सिपना नदीकाठी. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. वस्ती कोरकूंची, गवळ्यांची. पर्यटक व्याघ्रप्रकल्पाच्या संकुलात राहायला येतात, रबडी खातात, वाघ दिसला नाही म्हणून हळहळतात आणि जातात. बाबा तिथल्या शाळेत मास्तर होते, रिटायर झाल्यावरही तिथेच राहिले. 'परतवाड्याले काय ठेवलं हाय?' हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मी तेव्हा डब्लिनला होतो. २७ मार्च २०२० च्या रात्री आयर्लंडमध्ये नियम आला: घरापासून दोन किलोमीटरच्या बाहेर फिरायचं नाही. ५ मे पासून ते पाच झाले. मी नकाशावर वर्तुळ काढलं तर माझ्या वर्तुळात फिनिक्स पार्क येत होतं, म्हणजे लॉटरीच. सातशे हेक्टरचं उद्यान आणि त्यात मोकळे हिंडणारे हरणांचे कळप. त्यांच्या अंगावर उन्हाळ्यात पांढरे ठिपके असतात, आपल्या चितळासारखे. सतराव्या शतकात शिकारीसाठी बाहेरून आणून सोडलेली ही जात. तेही मूळचे परदेशीच! मी रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्यापासून लांब बाकावर बसायचो. सेमाडोहला चितळ अंगणापर्यंत येतात त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. इथे मात्र दिवसाचा तो अर्धा तास कुणी हिरावून घेतला असता तर मी भांडलो असतो.

आणखी काय होतं? दुकानांतला मैदा संपला होता, कारण अख्खा देश घरी बसून ब्रेड भाजत होता. पण ज्वारीच्या पिठाला कुणी हात लावत नव्हतं. त्यामुळे माझी भाकरी सुरळीत चालू होती. शनिवारी गिलावड्याचा प्रयोग करायचो. वडे दह्यात नीट मुरले की फोटो काढून अमरावतीच्या मित्रांना पाठवायचे आणि शिव्या खायच्या. शेजारच्या आयरिश आजी कुंपणापलीकडून रोज हवामानावर बोलायच्या. एकदा त्यांना ठेचा दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाटली धुऊन परत दिली आणि पुन्हा फक्त हवामानावरच बोलल्या. समजलो.

या सगळ्यात आनंद होता. खरा होता. आणि रोज रात्री झोपताना टोचायचाही.

सेमाडोहची गोष्ट अशी की तिथे फोनची रेंज म्हणजे पाहुणी. आली तर आली. वीज गेली की टॉवर झोपतो. धारणीच्या रस्त्यावर पुढे हरिसाल आहे, ते २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. पण आमच्या घराच्या ओट्यावर त्याचा उजेड काही पोचला नाही. एरवी निरोप न्यायला एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर असायचे, लॉकडाऊनमध्ये एसटीच बंद. म्हणजे २०२० मध्ये माझी लेटन्सी कधी दोन दिवस, कधी पाच. जगातले सगळे लोक व्हॉट्सॅपवर सेकंदात बोलत असताना मी १८९७ मध्ये राहत होतो. आईचा फोन लागला की ती सांगायची, "आमाले काई नाई झालं, तू तुयी काळजी घे." आणि मी मनात हिशोब करायचो, हे आत्ताचं खरं. उद्याचं कोण सांगणार.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती एकाएकी बातम्यांत आली. रुग्ण भराभर वाढले, २२ फेब्रुवारीपासून शहरात पुन्हा लॉकडाऊन. मार्चमध्ये केंद्र सरकारने सांगितलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत विषाणूचे दोन बदल एकत्र दिसतायत. पुढे याच घराण्यातल्या एका प्रकाराला डेल्टा नाव मिळालं. ऑफिसच्या कॉलवर सहकारी मला विचारायचे, तुझं गाव तेच ना? पुन्हा तीच दोन टपालं बघा. विषाणूची बातमी तारेच्या वेगाने डब्लिनला, आणि माझ्या गल्लीची बातमी पत्राच्या वेगाने.

१२ एप्रिल २०२१ ला आयर्लंडने पाच किलोमीटरचं कुंपण काढलं, आपल्या काउंटीत कुठेही जा म्हणाले. सुट्टी टाकली आणि सरळ हाउथला समुद्रावर गेलो. साडेतीन महिन्यांनी समुद्र! वारा असा की उभं राहता येईना, तरी धक्क्यावर बसून आइस्क्रीम खाल्लं. हात गारठून लाल झाले. त्या वर्षातला माझा सगळ्यांत चांगला दिवस.

आईचा फोन आला सतरा तारखेला. मधे अवकाळी वादळाने वीज गेली होती. आमच्या शेजारी एक गवळी नानाजी होते. लहानपणी शाळा सुटली की ते पळसाच्या द्रोणात रबडी द्यायचे, पैसे कधी घेतले नाहीत, 'मास्तरचा पोट्टा' एवढी ओळख पुरे होती. त्यांना परतवाड्याला नेलं, तिथून अमरावतीला, आणि तिथे ते गेले. मी तारीख विचारली. बारा.

मी आईला आइस्क्रीमचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवेना. ती थोडा वेळ गप्प होती, मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाली, "मंग काय झालं बापू? तू तिथं गोड खाल्लं, त्यात काय वाईट झालं? त्यायनं तं जिंदगीभर लोकायले गोडच चारलं."

गोखल्यांचं सगळं मी या फोननंतर वाचलं. माफीचं प्रकरण शाळेत असताना इतिहासाच्या पुस्तकात होतंच, पण आता वाचताना माझं लक्ष तारखांवर होतं. काँग्रीव्हबाईंच्या घरी ते बरे होत होते तेव्हा पुण्यात झडत्या जोरात होत्या. साक्षीबद्दल शाबासकी मिळत होती त्या आठवड्यात कुणाकुणाच्या घरातून प्लेगच्या छावणीत माणसं नेली जात होती. टिळक बोटीवर खारा वारा खात होते तेव्हा ते ७६८ जण गेले. नंतर तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की हे फार क्रूर दिसतं. पण त्या वेळी ज्याने चहा घेतला त्याच्या पुढ्यात ही दुसरी तारीख नव्हतीच. उशिरा आलेल्या पत्राने आधीचा चहा कडू करायचा असं ठरवलं, तर परमुलखातल्या माणसाने कधीच काही प्यायला नको.

उलट बाजूही आहे. रेंज असलेल्या मित्रांचं काय झालं ते मी पाहिलंय. एकाच स्क्रीनवर वरती ऑक्सिजन सिलिंडरची याचना, खाली पोराच्या वाढदिवसाचा केक. त्यांना मधले सहा दिवस मिळालेच नाहीत. कळल्यावर करण्यासारखंही फार नव्हतं. विमानं जेमतेम चालू, मे च्या सुरुवातीला आयर्लंडने भारतातून येणाऱ्यांना हॉटेलात क्वारंटाइन सक्तीचं केलं. जाऊन परत येणं अवघड आणि जाऊन मदतीला येणं त्याहून. पैसे पाठवणं, फोन करून करून बेड शोधणं हे जमेल तेवढं सगळ्यांनीच केलं. बाकीचा दिवस उरायचा. त्या उरलेल्या दिवसाचं काय करायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून भाकऱ्या, हरणं, गिलावडे.

नानाजींच्या मुलाने नंतर रबडीचं काम चालू ठेवलं. मी २०२२ च्या दिवाळीत गेलो तेव्हा त्याने द्रोण पुढे केला आणि मी पैसे काढले तर ओरडला.

दादासाहेब खापर्ड्यांसारखं रोज लिहिणं आपल्याला जमणार नाही हे मान्य. पण त्या दोन वर्षांतलं तुमच्याजवळ काही असेल, कुठे होतात, काय शिजवलंत, खिडकीतून काय दिसायचं, कुणाचा फोन कधी आला, तर एकदा तारखेसकट लिहून काढा. फोनमधल्या फोटोंना टाइमस्टॅम्प आहेत, तेवढ्यावरूनही बरंच आठवतं. आकडे ठेवायला सरकार आहे. १९१८ सालचा एखादा वऱ्हाडी माणूस त्या आश्विनात काय खात होता हे आपल्याला कधीच कळणार नाही. आपल्याबद्दल तरी नातवंडांना कळू दे.

चला, भाकरी तव्यावर आहे. पुढच्या शनिवारी भेटूच.